पाहिलेले आणि ताडलेले : जीवाश्म ब्रायोझोआंच्या वर्णनाविषयी प्रस्तावना

२०२१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एका चिमुकल्या जीवाश्मावर निबंध प्रसिद्ध झाला. प्रोटोमेलिसिऑन गेटहाउसी हे त्या जीवाश्माचे नाव. दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण चीनमधल्या कँब्रियन खडकांत सापडलेल्या या अवशेषांत एकसारख्या पोकळ कप्प्यांच्या ओळी होत्या. हा ब्रायोझोआंचा निवह, म्हणजे वसाहत, आहे, असे निबंधकारांचे म्हणणे होते. ते टिकले असते तर या प्राणिसंघाचा ज्ञात इतिहास सुमारे साडेतीन कोटी वर्षांनी मागे गेला असता. दोनच वर्षांनी त्याच नियतकालिकात दुसऱ्या अभ्यासगटाने चीनमधलेच, पण मऊ भागांचा ठसा टिकून राहिलेले नमुने पुढे ठेवले. त्या कप्प्यांतून बाहेर आलेले अवयव एकमेकांत बसणाऱ्या साध्या पात्यांसारखे होते. तेव्हा हा प्राणी नसून हिरव्या शैवालाचा प्रकार आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. कप्पे दोघांनीही पाहिले होते, ओळी दोघांनीही मोजल्या होत्या. मतभेद होता तो त्या कप्प्यांत कोण राहत होते याविषयी.

हे पुस्तक याच प्रश्नाभोवती रचलेले आहे. कठीण भाग हाती असताना गेलेल्या मऊ प्राण्याविषयी किती बोलावे, कशाच्या आधारावर बोलावे आणि ते नोंदवताना पाहिलेले व ताडलेले वेगळे कसे ठेवावे, हा तो प्रश्न. वर्णन म्हणजे संशोधनाच्या आधीची कारकुनी, असा समज विज्ञानाच्या विद्यार्थ्यांतही दिसतो. जीवाश्म ब्रायोझोआंच्या बाबतीत तो साफ चुकीचा आहे. इथे वर्णनातच युक्तिवाद असतो.

विषयाला नव्या असलेल्या वाचकासाठी आधी थोडी ओळख. ब्रायोझोआ हा पाण्यात राहणाऱ्या आणि निवह करून वाढणाऱ्या प्राण्यांचा संघ. बहुतेक जाती समुद्रात, थोड्या गोड्या पाण्यात. आज जिवंत असलेल्या सहा हजारांहून अधिक आणि जीवाश्मरूपात सुमारे पंधरा हजार जाती अभ्यासकांना माहीत आहेत. किनाऱ्यावरचे कातळ, शिंपल्यांच्या पाठी, होड्यांची बुडे यांवर पांढुरकी, बारीक नक्षीची पुटे दिसतात. त्यांतली कित्येक या प्राण्यांची असतात आणि पाहणारा ती शेवाळ किंवा पोवळे समजून पुढे जातो. निवहातल्या एका घटकाला आपण जीवक म्हणू. तो सहसा एक मिलिमीटरहूनही लहान असतो. तोंडाभोवती संस्पर्शकांचे कडे असते. ते बाहेर उघडून तो पाण्याचा प्रवाह ओढतो, सूक्ष्म शैवाल टिपतो आणि चाहूल लागताच स्नायू आखडून कप्प्यात शिरतो. समुद्रातल्या बहुतेक जातींमध्ये या कप्प्याच्या भिंती कॅल्साइटच्या, काहींत अ‍ॅरगोनाइटच्या असतात, आणि खडकात उरतात त्या याच भिंती.

पुळणीवर किंवा खडकात सापडलेल्या एका तुकड्यात त्यामुळे दोन स्तर असतात. एक स्तर जीवकाचा, दुसरा निवहाचा. एका डिंभापासून पहिला जीवक घडतो, त्याला कळ्या फुटत जातात आणि हजारो जीवकांची वसाहत उभी राहते. चाळ रिकामी झाल्यावर खोल्यांची मापे, सामाईक भिंती, दारांच्या जागा आणि जिने पाहून तिथल्या बिऱ्हाडांचे जगणे ताडावे, तसे हे काम आहे. फरक इतकाच की इथे सगळी बिऱ्हाडे एकाच जीवाची रूपे असतात आणि काही खोल्यांत राहणारा कोणी जेवतही नव्हता. काही जीवक केवळ संरक्षणाचे, काही पिल्ले सांभाळण्याचे, काही निवहाला आधार देण्याचे काम करतात. चिमट्यासारखा जबडा असलेला ‘अ‍ॅव्हिक्युलेरियम’ हा असाच एक प्रकार. त्याने डार्विनलाही विचारात पाडले होते. ‘ओरिजिन’च्या १८७२ च्या आवृत्तीत त्याची चर्चा आहे.

एका निवहातले जीवक आनुवंशिकदृष्ट्या सारखे असतात, तरी एकसारखे दिसत नाहीत. रिचर्ड बोर्डमन, अ‍ॅलन चीथम आणि पॅट्रिशिया कुक यांनी १९७० च्या सुमारास या फरकांची चार कारणे वेगळी करून दाखवली : जीवकाचे स्वतःचे वय, निवहाच्या वाढीत त्याचा क्रम, कामाच्या वाटणीमुळे आलेले भिन्न रूप आणि त्या जागेपुरती परिस्थिती. वरवर साधी वाटणारी ही विभागणी वर्णनकाराच्या हातातले सर्वांत उपयोगी साधन आहे. फांदीच्या टोकाकडचा तरुण जीवक आणि बुंध्याकडचा, भिंती जाड झालेला जुना जीवक हे सुटे सापडले, तर नवखा अभ्यासक त्यांना दोन जाती ठरवून मोकळा होतो. एकोणिसाव्या शतकात असे पुष्कळ झाले.

त्या शतकापर्यंत या जीवांचे प्राणीपणही पुरते ठरलेले नव्हते. त्यांची गणना बराच काळ वनस्पतींत किंवा प्रवाळांत होत असे. १७५५ मध्ये जॉन एलिस यांनी इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या अशा ‘वनस्पतीं’चे प्राणिस्वरूप चित्रांसह मांडले. १८३० मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क इथे जॉन व्हॉन टॉम्पसन यांनी आणि १८३१ मध्ये जर्मनीत एरेनबर्ग यांनी त्यांना स्वतंत्र गट म्हणून ओळख दिली. पुढची वाट मात्र जीवाश्मांनी अवघड केली, कारण तिथे संस्पर्शक दाखवायला कोणीच हजर नव्हते.

पहिली मोठी परंपरा बाह्यरूपाची. तिचा सर्वांत समर्थ प्रतिनिधी फ्रेंच पुराजीववैज्ञानिक आल्सिद दॉर्बिन्यी. १८५० च्या दशकात त्यांनी फ्रान्सच्या क्रेटेशस थरांतल्या ब्रायोझोआंवर प्रचंड ग्रंथ लिहिला. निवह पसरट आहे की फांद्यांचा, छिद्रे एका बाजूला की दोन्ही बाजूंना, अशा लक्षणांवर त्यांनी प्रजाती आणि कुले उभारली. चित्रे देखणी, मांडणी शिस्तीची. पण निवहाचा आकार फार फसवा असतो. पाण्याचा जोर, गाळ, चिकटायला मिळालेली जागा यांप्रमाणे तो बदलतो आणि दूरच्या नात्यातल्या गटांत तोच आकार पुन्हा पुन्हा उगवतो. स्वीडनमधले फ्रेड्रिक स्मिट यांनी जिवंत नमुन्यांवरून आग्रह धरला, की नाते जीवकाच्या बांधणीत शोधावे, निवहाच्या आकारात नव्हे. लंडनचे जॉर्ज बस्क यांनी जिवंत आणि जीवाश्म दोन्ही हाताळत गणांची जी विभागणी केली, तिचा सांगाडा आजही वापरात आहे.

दुसरी परंपरा कापाची. पुराजीव महाकल्पातल्या बहुतेक ब्रायोझोआंचा बाहेरचा पृष्ठभाग फारसे काही सांगत नाही. सांगायचे ते सगळे आत असते. हेन्री अ‍ॅलेन निकल्सन यांनी १८७९ आणि १८८१ मध्ये, आणि त्यांच्यानंतर अमेरिकेत एडवर्ड उलरिच यांनी नमुन्यांचे इतके पातळ काप घेतले, की त्यांतून प्रकाश आरपार जावा. जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या तिपटीएवढी. एका फांदीचे तीन काप लागतात : उभा, आडवा आणि पृष्ठालगतचा. उभ्या कापात नळ्या मध्यभागी पातळ भिंतींच्या दिसतात आणि बाहेर वळताना जाड होतात. त्यांत आडवे पडदे किती व कुठे ते कळते. पृष्ठालगतच्या कापात दोन जीवकांच्या मधल्या लहान नळ्या आणि भिंतींतले दांडे उलगडतात. यांतला एक काप जरी तिरका गेला, तरी गोल नळी लंबगोल दिसते आणि वर्णन बिघडते. ट्रेपोस्टोमाटा या लुप्त गणाचे सारे ज्ञान या तीन कापांवर उभे आहे. सिनसिनाटी परिसरातले ऑर्डोव्हिसियन खडक त्यासाठी अभ्यासकांची शाळाच ठरले.

कापांनीही सगळे प्रश्न सोडवले नाहीत. मॉन्टिक्युलिपोरा आणि तिचे सगेसोयरे प्रवाळ की ब्रायोझोआ, यावर अनेक वर्षे वाद चालला. निकल्सन यांचा कल प्रवाळांकडे होता, उलरिच यांचा ब्रायोझोआंकडे. दोघांचेही काप उत्तम होते. निकाल लागला तो १९१२ मध्ये, एडगर कमिंग्ज यांनी निवहाच्या अगदी तळाशी जाऊन पहिल्या काही जीवकांची वाढ कशी सुरू होते ते दाखवले तेव्हा. ती सुरुवात ब्रायोझोआंची होती. प्रौढ निवहात जे अस्पष्ट होते, ते त्याच्या जन्मखुणेत स्पष्ट निघाले. म्हणूनच चांगल्या वर्णनात निवहाच्या आरंभीच्या भागाला आजही वेगळे स्थान असते.

तिसरी परंपरा जिवंतांकडून मृतांकडे जाणारी. १९२६ मध्ये फोल्के बोर्ग यांनी सायक्लोस्टोम या नळीसारख्या जीवकांच्या गणातल्या जिवंत प्रकारांतल्या मऊ उती आणि भिंती यांचा संबंध बारकाईने मांडला. काहींमध्ये कठीण भिंतींच्या बाहेरूनही एक मऊ आवरण असते, असे त्यातून दिसले. या निरीक्षणाचा खरा उपयोग चाळीसेक वर्षांनी झाला. १९६९ मध्ये रोनाल्ड टॅव्हेनर-स्मिथ यांनी फेनेस्टेला या जाळीदार प्रजातीच्या भिंतींचे थर तपासून दाखवले, की हा सांगाडा मऊ उतींच्या आत राहूनच जाड होत गेला असला पाहिजे. भिंत हे घराचे कुंपण नसून अंगातला सांगाडा आहे, हे कळल्यावर थरांची दिशा, त्यांचे वळण, दांड्यांची टोके यांचा अर्थच बदलला. बोर्डमन यांनी हाच विचार पुराजीव महाकल्पातल्या इतर गटांना लावला. १९७४ मध्ये आणखी एक दुवा मिळाला. जुन्या निवहांवर दिसणारे ठरावीक अंतरावरचे उंचवटे हे वापरलेले पाणी बाहेर टाकण्याचे मार्ग असावेत, असे जिवंत निवहांतल्या प्रवाहांवरून सुचवले गेले. तोवर केवळ शोभेचे म्हणून नोंदले जाणारे लक्षण पूर्ण निवहाच्या श्वासोच्छ्वासाशी आणि अन्नाशी जोडले गेले.

केइलोस्टोमाटा हा आज सर्वाधिक जातींचा गण. ज्युरासिकच्या अखेरीस तो दिसू लागला आणि क्रेटेशसच्या मध्यापासून झपाट्याने फोफावला. यांचे जीवक नळ्यांपेक्षा पेटीसारखे असतात आणि त्यांच्या दाराला झाकण असते. पेटीची पुढची बाजू कशी झाकली गेली, काट्यांच्या जोडणीने, आतल्या पडद्याने की बाहेरून वाढलेल्या कवचाने, यावर त्यांचे वर्गीकरण अवलंबून असते. पिल्ले सांभाळणारी कुपी ही दुसरी महत्त्वाची खूण. ती क्रेटेशसच्या मध्याच्या सुमारास दिसू लागते, आणि गणाचा विस्तारही त्याच सुमाराचा. या दोहोंचा संबंध असावा, असा तर्क पॉल टेलर यांनी मांडला आहे. इतके लहान तपशील साध्या भिंगाखाली हुलकावणी देत. फर्दिनां कान्यू आणि रे बॅस्लर यांनी १९२० आणि १९२३ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या टर्शरी ब्रायोझोआंवर जे दोन महाग्रंथ लिहिले, त्यांत छायाचित्रे हाताने सुधारलेली आहेत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर ती गरज संपली आणि जुन्या प्रकारनमुन्यांची नव्याने तपासणी सुरू झाली.

इथे विल्यम डिक्सन लँग यांची आठवण काढावीच लागते. १९२१–२२ मध्ये त्यांनी ब्रिटिश म्युझियमच्या सूचीत क्रेटेशस काळातल्या काटेरी झाकणांच्या केइलोस्टोमांचे अतिशय काटेकोर वर्णन केले. चुन्याचे कवच आवरता न आल्याने हे वंश स्वतःच्याच ओझ्याने संपले, असा त्यांचा सिद्धान्त होता. तो सिद्धान्त आज कोणी स्वीकारत नाही. सूची मात्र अजून उघडली जाते, कारण लँग यांनी काय पाहिले आणि त्यातून काय मानले, हे वाचकाला वेगळे काढता येते.

तरी मूळ शंका उरतेच : केवळ सांगाड्यावरून केलेल्या जाती खऱ्या असतात का? चीथम यांनी १९८६ मध्ये मेट्रारॅब्डोटॉस या प्रजातीच्या कॅरिबियनमधल्या जीवाश्मांची मापे घेऊन दाखवले, की तिच्या जाती लाखो वर्षे जवळपास तशाच राहतात आणि नव्या जाती एकदम उगवल्यासारख्या दिसतात. हे खरे असण्यासाठी आधी त्या जाती खऱ्या असायला हव्यात. १९९० मध्ये जेरेमी जॅक्सन आणि चीथम यांनी जिवंत केइलोस्टोमांची एकाच परिस्थितीत पैदास करून आणि आनुवंशिक तपासणी करून निष्कर्ष काढला, की सांगाड्यावरून बारकाईने ओळखलेल्या जाती आनुवंशिक जातींशी चांगल्या जुळतात. वर्णनाच्या बाजूने मिळालेला एवढा भक्कम पुरावा पुराजीवविज्ञानात क्वचितच सापडेल.

भारतातला धागाही जुना आहे. फर्डिनंड स्टॉलिक्झ्का यांनी १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण भारतातल्या क्रेटेशस ब्रायोझोआंचे वर्णन ‘पॅलिऑन्टॉलॉजिया इंडिका’त केले. पुढच्या दशकात विल्हेल्म वागेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॉल्ट रेंजमधले, म्हणजे आजच्या पाकिस्तानातले, पुराजीव नमुने हाताळले. कच्छच्या टर्शरी थरांवर या शतकातही काम झाले आहे. महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसाल्टखाली दडलेला असल्याने समुद्री जीवाश्म आपल्याकडे दुर्मीळ. पण याच बेसाल्टच्या प्रदेशात, मध्य प्रदेशातल्या नर्मदेच्या खोऱ्यात, लाव्हाच्या खालून बाघ थरांचे चुनखडक डोके वर काढतात. त्यांतला एक थर प्रवाळी चुनखडक म्हणून ओळखला जातो, पण तो मुख्यतः ब्रायोझोआंच्या तुकड्यांनी भरलेला आहे.

१९३९ मध्ये जी. डब्ल्यू. चिपळोणकर यांनी बाघ थरांतल्या ब्रायोझोआंचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतली फांद्यांची, लांब नळ्यांची एक जाती त्यांनी सायक्लोस्टोमांच्या सेरिओपोरा या प्रजातीत ठेवली. दिसायला ती तशीच होती. १९९५ मध्ये पॉल टेलर आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतले आर. एम. बडवे यांनी तिचा नव्याने अभ्यास केला, तेव्हा ती केइलोस्टोम निघाली : नळीसारखे जीवक वाढवून सायक्लोस्टोमांचे सोंग घेतलेली. युरोपातही तिचे नातलग सापडले. या नव्या प्रजातीला त्यांनी चिपळोणकारिना हे नाव दिले. जातीचा गण बदलला, तरी तिचे नाव चिपळोणकरांनी दिलेलेच, डायमॉर्फोपोरा, राहिले. नमुना आणि वर्णन जागेवर असल्यामुळेच छप्पन वर्षांनी हा फेरविचार शक्य झाला.

आज या विषयाला नव्याने निकड आली आहे ती तीन दिशांनी. पहिली दिशा हवामानाची. बऱ्याच केइलोस्टोमांत जीवक गार पाण्यात मोठे आणि कोमट पाण्यात लहान वाढतात. एकाच निवहातल्या जीवकांच्या मापांतला फरक पाहून बेथ ओकामुरा आणि आरोन ओडी यांनी त्या जागेच्या वार्षिक तापमानातला चढउतार काढण्याची रीत बसवली. दुसरी दिशा स्पर्धेची. एकमेकांवर चढणारे निवह खडकावर तसेच जीवाश्म होतात, म्हणजे लढतीचा निकाल नोंदवून ठेवतात. फ्रँक मॅकिनी यांनी अशा लढती मोजल्या, तेव्हा केइलोस्टोम सायक्लोस्टोमांवर सुमारे दोन तृतीयांश वेळा मात करताना दिसले. न्यूझीलंडच्या वांगानुई खोऱ्यात अशा लढतींचा वीस लाख वर्षांचा पट तपासला जात आहे. तिसरी दिशा डीएनएची. २०२२ मध्ये आलेल्या एका मोठ्या वंशवृक्षाने केइलोस्टोमांचा उगम जीवाश्मांत दिसतो त्याहून खूप आधी, पुराजीव महाकल्पात, सुचवला. हे खरे असेल, तर जुन्या खडकांत त्यांच्या खुणा कुठेतरी असायला हव्यात, किंवा ते कवचाविना जगत असावेत. दोन्ही शक्यता तपासायच्या तर पुन्हा कप्प्यांकडेच वळावे लागते. क्ष-किरणांची सूक्ष्म टोमोग्राफी आता नमुना न कापता आतले दाखवते. पण पडद्यावर दिसणारा पडदा हा जीवकाने बांधलेला की नंतर खनिजांनी भरलेला, हे यंत्र सांगत नाही.

प्रस्तुत पुस्तक जातींची सूची नाही आणि वर्गीकरणाचा नवा आराखडाही मांडत नाही. एखादा नमुना हाती आल्यापासून त्याचे छापण्याजोगे वर्णन होईपर्यंतचा मार्ग ते दाखवते. निवहापासून सुरुवात करून जीवकापर्यंत, जीवकापासून भिंतीच्या थरांपर्यंत आणि तिथून पुन्हा निवहाच्या जगण्याकडे, असा त्याचा क्रम आहे. नळ्यांचे पुराजीव गट आणि पेट्यांचे नंतरचे गट यांना वेगळी हत्यारे लागतात, म्हणून दोहोंना स्वतंत्र जागा दिली आहे. कवच नसलेल्या गोड्या पाण्यातल्या गटाला ओझरताच स्पर्श आहे. मराठीत रुळलेली संज्ञा असेल तिथे ती वापरली आहे. नसेल तिथे आंतरराष्ट्रीय संज्ञा देवनागरीत ठेवली आहे. भूशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी हा मुख्य वाचक, पण ज्याने कधी काप पाहिला नाही अशा जिज्ञासूलाही वाट सापडावी, अशी काळजी घेतली आहे.

मोजमापांबाबत पुस्तक कडक आहे, आणि ते योग्यच आहे. किती निवह, प्रत्येकातले किती जीवक, निवहाच्या कोणत्या भागातून, हे न सांगता दिलेली सरासरी निरुपयोगी असते. काप कोणत्या दिशेने गेला हे न सांगता दिलेले चित्रही तसेच. कार्याविषयीचे विधान कोणत्या जिवंत तुलनेवर उभे आहे, तेही सांगितले पाहिजे. या तीन सवयी अंगवळणी पडल्या, तर विद्यापीठांच्या आणि संस्थांच्या कपाटांत पडून असलेले नमुने पुन्हा बोलते करता येतील. त्यासाठी दरवेळी नवे उत्खनन लागत नाही.

वर्णन करणाऱ्याचे मत पुढे चुकीचे ठरू शकते. या विषयात ते वारंवार ठरले आहे, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. ‘दिसते’ आणि ‘असावे’ यांमधली रेघ त्याने ठळक ठेवली असेल, तर उद्याचा अभ्यासक त्याच्याशी असहमत होऊनही त्याचे काम वापरू शकतो. वाचकांनी हे पुस्तकही याच कसोटीला लावावे.